आधी ऊब, मग पाणी, मग अन्न : आजारी कॉकाटील पिल्लाला हाताने भरवण्याचा धडा



शेती व आरोग्याच्या या पानावर गाय, म्हैस, कोंबडी यांच्या दुखण्यांविषयी आपण नेहमी वाचतो. या खेपेस आम्ही एका लहान पाहुण्याविषयी लिहीत आहोत. डोक्यावर तुरा, अंगाने राखाडी किंवा पिवळसर आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला हा पक्षी आता पुष्कळ घरांच्या ओसरीवर दिसतो. त्याचे नाव कॉकाटील. बाजारात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. मूळचा तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी. पिंजऱ्यात तो सहज अंडी घालतो. म्हणून काही शेतकरी कुटुंबांनी कोंबड्यांच्या जोडीला याच्या दोन-चार जोड्या पाळल्या आहेत, आणि काही घरांत मुलांच्या हट्टापायी आठवड्याच्या बाजारातून एखादे पिल्लू येते.

अडचण येते ती येथेच. विकायला आणलेले पिल्लू पुष्कळदा स्वतः खाण्याच्या वयाचे नसते. ते हाताने भरवावे लागते. दोन दिवस ते बरे असते, तिसऱ्या दिवशी गळ्याखालची पिशवी फुगलेलीच राहते, पिल्लू मान टाकते. घरातील मंडळी काकुळतीने म्हणतात, "सकाळपासून काही खाल्ले नाही, थोडे तरी घाला." आणि त्या मायेच्या घासानेच पिल्लू दगावते. आजारी पिल्ले उपाशी राहून मरतात त्यापेक्षा तुंबलेल्या पिशवीत अन्न ओतल्याने अधिक लवकर मरतात. हे नीट समजावे म्हणून आजचा धडा.

कोंबडीचे पिल्लू आणि कॉकाटीलचे पिल्लू

कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगावर लव असते, डोळे उघडे असतात आणि काही तासांत ते दाणे टिपू लागते. कॉकाटीलचे तसे नाही. ते कबुतराच्या पिल्लासारखे असहाय जन्मते. वजन अवघे चार ते सहा ग्रॅम, डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळी लव. डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात. साधारण चार-पाच आठवड्यांनी ते घरट्याबाहेर येते, पण पूर्णपणे स्वतःचे स्वतः खायला आठ ते दहा आठवडे लागतात. तोपर्यंत नर आणि मादी दोघेही आपल्या पोटातले मऊ झालेले अन्न उलटी काढून त्याला भरवतात.

आई-बापांच्या त्या घासात तीन गुण असतात. तो पक्ष्याच्या अंगाइतका, म्हणजे सुमारे ४० अंश सेल्सिअस, उबदार असतो. तो ओला व मऊ असतो. आणि तो पिल्लाची पिशवी पाहून, थोडा थोडा दिला जातो. हाताने भरवणाऱ्याने हे तीन गुण सांभाळले तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

गळ्याखालची पिशवी कशी चालते

पक्ष्याच्या मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, एक पातळ पिशवी असते. पाठ्यपुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. आम्ही येथे तिला पिशवीच म्हणू. पिल्लाला पिसे नसतात तेव्हा ती कातडीतून स्पष्ट दिसते, आतले अन्नही दिसते. ही पिशवी म्हणजे घरातली कणगी. येथे अन्न साठते आणि भिजते, पचत मात्र नाही. पिशवीच्या भिंतीचे स्नायू आकुंचन पावून अन्न थोडे थोडे खाली ढकलतात. खाली एका जठरात पाचक रस मिसळतात, दुसरे जाड जठर ते दळते, आणि पुढे आतड्यात ते अंगी लागते.

ढकलण्याचे हे काम चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात, ऊब आणि पाणी. पिल्लू गारठले की स्नायू मंदावतात. अंगातले पाणी कमी झाले की अन्नाचा गोळा होतो. मग अन्न जागच्या जागी राहते. उबदार, ओलसर जागेत राहिलेल्या पिठाचे काय होते हे आपल्या घरच्या माउलींना सांगायला नको. इडलीचे पीठ रात्रभर झाकून ठेवले की सकाळी फुगून आंबट होते. पिल्लाच्या पिशवीत तेच घडते. तेथे किण्व, म्हणजे बुरशीच्या जातीतील कॅन्डिडा नावाचा सूक्ष्मजीव, आणि निरनिराळे जिवाणू वाढतात. पिशवीच्या आतील अस्तर सुजते, चालना आणखी मंदावते आणि चोचीला आंबट वास येऊ लागतो.

पाट तुंबला असता वरून आणखी पाणी सोडले तर बांध फुटतो. आधी पाट मोकळा करायचा, मग पाणी सोडायचे. येथेही तोच न्याय आहे.

पिशवी का तुंबते

आमच्या माहितीप्रमाणे घरगुती कारणे पुढीलप्रमाणे असतात.

पहिले, गारठा. पावसाळ्यात किंवा थंडीच्या रात्री खोका ओसरीवर राहतो, वीज जाते, दिवा विझतो. दुसरे, थंड अन्न. भरवता भरवता वाटीतले अन्न निवते आणि शेवटचे घास गार जातात. तिसरे, फार घट्ट अन्न. पातळ दिले तर पोट भरणार नाही, ही समजूत चुकीची आहे. चौथे, घाई. आधीचे रिकामे झालेले नसताना पुढचे देणे. पाचवे, सकाळचे कालवलेले संध्याकाळी वापरणे किंवा सिरिंज नुसती खळबळून ठेवणे. सहावे, खोक्यात घातलेला लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा कापूस पिल्लाने गिळणे. सातवे, आई-बापांकडून आलेला संसर्ग.

यांपैकी पहिली सहा कारणे आपल्या हातातली आहेत.

अन्न कोणते आणि किती पातळ

गाईचे वा म्हशीचे दूध पक्ष्याच्या पिल्लासाठी नाही. पक्षी सस्तन प्राणी नव्हेत. दुधातील साखर पचवणारा रस त्यांच्या आतड्यात नसतो. दूध-पाव, दूध-पोळी किंवा लहान मुलांची दुधाची खीर घातली की पोट बिघडते. नुसती तांदळाची पेज किंवा बेसनाचे पाणी यांनी पोट भरल्यासारखे दिसते, पण पिल्लू वाढत नाही. कोणी कोणी प्रेमाने आपल्या तोंडात चावून घास भरवतात, तेही करू नये. माणसाच्या लाळेतले जिवाणू पिल्लाला घातक ठरतात.

पक्ष्यांची पिल्ले भरवण्यासाठी तयार भुकटी मोठ्या शहरांतील पक्ष्यांच्या दुकानांत मिळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिस येथे राउडीबुश आणि ग्राऊ या संशोधकांनी कॉकाटीलच्या पिल्लांवरच आहाराचे प्रयोग केले आणि १९८६ साली ते प्रसिद्ध केले. आहारात सुमारे २० टक्के प्रथिने असता पिल्लांची वाढ चांगली होते, असे त्यांत दिसून आले. अगदी कोवळ्या पिल्लाला अन्न फार पातळ लागते आणि मग ते हळूहळू घट्ट करता येते, हेही या कामातून कळले. भुकटी घेताना डब्यावर प्रथिनांचे प्रमाण वाचून घ्यावे.

साधारण प्रमाण असे ठेवावे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला वजनाने एक भाग भुकटीला नऊ भाग किंवा अधिक पाणी. आठवड्याच्या पुढच्या निरोगी पिल्लाला एक भाग भुकटीला तीन भाग पाणी. आजारातून उठणाऱ्या पिल्लाला एक भागास सहा भाग. डब्यावर निराळे लिहिले असेल तर निरोगी पिल्लासाठी डब्याचे ऐकावे.

आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. भुकटी घरात आल्याखेरीज पिल्लू घरात आणू नये. पिल्लू शनिवारी आले आणि अन्न सोमवारी येणार, अशा घरात ते दोन दिवस दुधावर जाते आणि दुखण्याची सुरुवात होते.

भरवण्याची रीत

साहित्य थोडेच लागते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा, सुई नसलेली ५ किंवा १० मिलिलिटरची सिरिंज किंवा कडा वाकवलेला चमचा, एक थर्मामीटर, एक वही आणि पेन. सिरिंजच्या टोकाला रबरी नळी लावू नये. ती निसटून पिल्लाच्या पोटात जाते.

पाणी उकळून निववलेले घ्यावे. अन्न कालवून वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, म्हणजे ते शेवटपर्यंत ऊन राहील. देताना अन्न ३९ ते ४१ अंश असावे. ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर या कामी चालतो, मात्र तो पुढे माणसांना लावू नये. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर अन्नात घालू नये. अन्न थंड असले तर पिशवी मंदावते. ४३ अंशांच्या वर गेले तर पिशवी आतून भाजते, आणि काही दिवसांनी कातडीला काळी खपली धरून भोक पडते, त्यातून अन्न गळू लागते. मायक्रोवेव्हमध्ये अन्न ऊन केल्यास ते एके ठिकाणी कोमट आणि दुसरीकडे चटका बसेल इतके कढत राहते. तो मार्ग टाळावा.

पिल्लाला फडक्यावर बसवून एका हाताच्या बोटांनी डोके हलकेच आधारून धरावे. श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागे मधोमध असते, आणि अन्ननलिका पक्ष्याच्या उजव्या अंगाने खाली उतरते. म्हणून सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने चोचीत घालून टोक उजवीकडे मागे वळवावे. पिल्लू मान वरखाली करून स्वतः गिळू लागले की अन्न हळूहळू सोडावे. ते थांबले की आपणही थांबावे. पिल्लू मान हलवत नसेल, मागत नसेल, तर चोच उघडून अन्न ओतू नये. ते श्वासनळीत जाऊन फुप्फुसात उतरते आणि पिल्लू काही क्षणांत किंवा दोन-तीन दिवसांत दगावते.

एका वेळी अन्न पिल्लाच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतके द्यावे. ५० ग्रॅमच्या पिल्लाला ५ मिलिलिटर. पिशवी भरलेली पण मऊ लागावी, ढोलकीसारखी ताणलेली नको. पहिल्या आठवड्यात साधारण दर दोन तासांनी, अगदी कोवळ्या पिल्लाला रात्रीदेखील. दुसऱ्या आठवड्यात दर तीन तासांनी, तिसऱ्या-चौथ्यात दर चार-पाच तासांनी. रविवारी सारे घर मिस्सेला जाणार असेल तर वेळापत्रक आधी बसवून घ्यावे. उशीर होईल म्हणून एकदम दुप्पट भरवून जाऊ नये.

चोवीस तासांतून एकदा, बहुधा पहाटे, पिशवी पूर्ण रिकामी झालीच पाहिजे. त्या वेळी, पहिल्या घासापूर्वी, पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत वजन रोज वाढले पाहिजे. वजन थांबणे ही आजाराची पहिली हाक असते. डोळ्यांना ती दिसत नाही, काट्याला दिसते. पुढे पिल्लू उडायला लागते तेव्हा वजन थोडे उतरते, त्याची काळजी नको.

उबेचे माप

पिसे नसलेल्या पहिल्या आठवड्यातील पिल्लाला खोक्यात ३५ ते ३६ अंश ऊब लागते. दुसऱ्या आठवड्यात, पिसांचे कोंब फुटू लागले की ३२ ते ३३. तिसऱ्यात २९ ते ३०. चौथ्यात २६ ते २७. पुरी पिसे आली की घरातली नेहमीची ऊब पुरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती फडके अंथरावे, दिवा एका बाजूला टांगावा, म्हणजे पिल्लाला हवे तर सरकता येईल. दिवा फडक्याला किंवा पुठ्ठ्याला लागता कामा नये, आग लागते. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी.

माप पिल्लूही सांगते. पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडून धापा टाकत असेल तर फार उष्ण झाले. अंग चोरून थरथरत असेल, पाय हाताला गार लागत असतील, तर फार थंड आहे. खोका चुलीजवळ ठेवण्याची कल्पना सुचते, पण धूर पक्ष्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. डासांची उदबत्ती, डांबराच्या गोळ्या आणि न चिकटणाऱ्या तव्याची अतितापलेली वाफ यांपासूनही पिल्लू दूर ठेवावे.

दुखणे ओळखावे कसे

चार-पाच तासांनंतरही पिशवी तशीच भरलेली असणे हे मुख्य लक्षण. तिला बोट लावले असता कधी कणकेसारखा गोळा लागतो, कधी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे डुचमळते. चोचीला आंबट वास येतो. पिल्लू अन्न परत काढते. शीट कमी होते, हिरवी किंवा पाण्यासारखी होते, किंवा होतच नाही. कातडी लाल, कोरडी, सुरकुतलेली दिसते, डोळे खोल जातात. ही अंगातले पाणी आटल्याची खूण. पिल्लू मागत नाही, झोपून राहते.

एक फरक ध्यानात ठेवावा. घाईने गिळणाऱ्या पिल्लाच्या पिशवीत हवा जाते आणि ती फुगलेली दिसते, पण बोटाला हलकी, पोकळ लागते. ते बहुधा आपोआप उतरते. अन्नाने भरलेली पिशवी जड लागते.

एका रात्रीचा हिशेब

आता समजा, आपल्या घरात सोळा दिवसांचे पिल्लू आहे. सकाळी वजन ५४ ग्रॅम भरले. संध्याकाळी सहाला त्याला ५ मिलिलिटर भरवले. रात्री दहाला पाहता पिशवी निम्म्याहून अधिक भरलेली आहे आणि पिल्लू मान हलवत नाही. काय करावे?

दहा वाजता अन्न द्यायचे नाही. आधी खोक्यातला थर्मामीटर पाहायचा. समजा तो २६ अंश दाखवतो, दिवा गेला आहे, पिल्लाचे पाय गार आहेत. दिवा किंवा गरम बाटली लावून खोका ३२ अंशांवर आणायचा. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात काहीही घालायचे नाही, पाणीदेखील नाही. आपण गारठलेल्या वासराला आधी गोणपाटाने चोळून ऊब देतो, तसेच हे.

पावणेअकराला पाय उबदार लागतात, पिल्लू मान उचलते आणि घास मागू लागते. आता पाणी. ओ.आर.एस.चे पूर्ण पाकीट पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळून निववलेल्या पाण्यात विरघळवावे. त्यातले थोडे ४० अंशांपर्यंत ऊन करून फक्त दीड मिलिलिटर, थेंब थेंब द्यावे. बाकीचे झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनी टाकून द्यावे. दुकानातली गोड, रंगीत पेये ओ.आर.एस. नव्हेत. पिशवी जर काठोकाठ भरलेली असेल, तर हे पाणीही देऊ नये, ते उलटून श्वासनळीत जाईल. तशा स्थितीत थेट डॉक्टर.

पाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पिशवीतला गोळा कातडीवरून अंगठा आणि तर्जनीने अगदी हलके मोकळा करावा, कणीक सैल करतो तसा. दाब वरच्या दिशेने कधीही देऊ नये. पिल्लाला उलटे धरून पिशवी पिळून काढण्याचा प्रकार काही लोक सांगतात. तो करू नये. आतले आंबलेले पाणी फुप्फुसात जाऊन पिल्लू हातातच संपते. पिशवी रिकामी करायची तर ती डॉक्टरांनी नळीने करायची.

बाराच्या सुमारास पिशवी निम्मी उतरली, शीट पडली, तर आपण मार्गावर आहोत. दोन वाजता ती रिकामी झाली तर आता अन्न. एकास सहा प्रमाणात पातळ, नेहमीच्या निम्मे, म्हणजे अडीच मिलिलिटर. सकाळी सहाला ते उतरले असेल तर वजन करावे. ५२ ग्रॅम भरले तरी घाबरू नये. आजाराच्या रात्री एक-दोन ग्रॅम उतरतात. दिवसभर पातळ व कमी अन्न, दर वेळी पिशवी रिकामी झाल्याची खात्री करूनच. दुसऱ्या दिवशी प्रमाण एकास पाच, मग चार, मग नेहमीचे.

पण दोन वाजता पिशवी तशीच असेल, तर घरचा उपाय संपला. पुन्हा पाणी नाही, अन्न नाही, फक्त ऊब. सकाळी दवाखाना उघडताच पिल्लू तेथे पोहोचले पाहिजे. दहा दिवसांहून लहान पिल्लाच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये, त्याच्या अंगात शिल्लक फार थोडी असते. चोचीला आंबट वास, सतत उलटी, रक्त, किंवा श्वास घेताना शेपटी वरखाली होणे, यांपैकी काही दिसले तरी लगेच निघावे.

डॉक्टरांकडे जाताना

पिल्लू खोक्यात, शेजारी गुंडाळलेली गरम बाटली, वर हवेला जागा ठेवून फडके. सोबत वजनाची वही, भुकटीचा डबा आणि कागदावर घेतलेली ताजी शीट न्यावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुराढोरांची गर्दी असते, पण तेथील डॉक्टर मार्ग दाखवतात. ज्यांना जवळ पडते त्यांनी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात विचारावे. हैदराबादकरांना राजेंद्रनगर, इंदूरकरांना महू, बडोदेकरांना आणंद येथे अशी महाविद्यालये आहेत.

डॉक्टर नळीने पिशवी रिकामी करून धुतात, आतले थोडे काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि किण्व आहे की जिवाणू ते ठरवतात. कातडीखाली पाणी देतात. किण्व असेल तर निस्टॅटिनसारखे बुरशीनाशक देतात. हे औषध आतड्यातून रक्तात फारसे जात नाही, जेथे लागते तेथेच काम करते, म्हणून ते सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेल्या रीतीनेच द्यावे. घरात कोंबड्यांसाठी आणलेली प्रतिजैविकाची पूड अंदाजाने पाजू नये. प्रतिजैविक जिवाणू मारते, किण्व मारत नाही. उलट चांगले जिवाणू मेल्याने किण्वाला रान मोकळे होते आणि दुखणे वाढते. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लिंबूपाणी हेही आपल्या मनाने देऊ नये.

माणसांचे आरोग्य

पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक ताप आहे, त्याला सिटॅकोसिस म्हणतात. कॉकाटीलमध्ये त्याचे जंतू पुष्कळदा आढळतात, आणि वरून धट्टाकट्टा दिसणारा पक्षीही ते बाळगून असू शकतो. वाळलेल्या शिटेची धूळ श्वासावाटे आत गेली की माणसाला ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला होतो, कधी न्यूमोनियाही होतो. म्हणून खोका झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. त्या वेळी नाकातोंडावर फडके बांधावे. भरवण्याच्या आधी व नंतर साबणाने हात धुवावेत. पिल्लाची वाटी-चमचा वेगळा ठेवावा आणि प्रत्येक वेळी धुऊन उकळावा. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि आजारी वृद्ध यांनी आजारी पक्ष्यापासून दूर राहावे. घरात कोणाला असा ताप आला तर डॉक्टरांना "आमच्याकडे पक्षी आहेत" हे एक वाक्य न विसरता सांगावे. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने हा ताप बरा होतो.

दुखणे येऊ नये म्हणून

ज्यांच्या घरी जोडी आहे त्यांनी पिल्ले आई-बापांखालीच वाढू द्यावीत. हाताने भरवलेले पिल्लू लवकर माणसाळते आणि भाव अधिक येतो, म्हणून कोवळी पिल्ले काढून घेण्याची चाल पडली आहे. त्या वाढीव भावात रात्रीची जागरणे आणि मेलेली पिल्ले धरलेली नसतात. आई-बापांखालच्या पिल्लाला रोज थोडा वेळ हातात घेतले तरी ते माणसाळते. आई-बापांनी टाकलेच, तर त्याच वयाची पिल्ले असलेल्या दुसऱ्या जोडीखाली ठेवून पाहावे.

ज्यांना विकत घ्यायचे आहे त्यांनी स्वतः दाणे खाणारे पिल्लूच घ्यावे. विकणाऱ्याला म्हणावे, "आमच्यासमोर खाऊ दे." बाजरी किंवा राळ्याचे कणीस पुढे धरले की खरे-खोटे तेथेच कळते. आणखी एक गोष्ट. आपले देशी पोपट पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. कॉकाटील परदेशी असल्याने त्याची गोष्ट निराळी, पण त्याच्या नावाखाली कोणी देशी पोपटाचे पिल्लू देऊ लागला तर घेऊ नये.

शेवटी, कापून स्वयंपाकघरात लावता यावेत म्हणून सहा नियम देत आहोत.

१. गार पिल्लाला काही भरवू नये. आधी ऊब.
२. भरलेल्या पिशवीवर अन्न घालू नये.
३. अन्न ३९ ते ४१ अंश, ताजे, वजनाच्या दहाव्या भागाइतके.
४. न मागणाऱ्या पिल्लाच्या चोचीत काही ओतू नये.
५. रोज पहाटे, रिकाम्या पिशवीवर, वजन करून लिहावे.
६. ऊब आणि पाणी देऊन चार तासांत पिशवी उतरली नाही तर डॉक्टर.

आजारी पिल्लाजवळ बसून काही न भरवणे हे घरातल्या माउलीला सर्वांत कठीण जाते. पण त्या दोन-चार तासांत दिव्याकडे लक्ष ठेवणे आणि पिशवीला बोट लावून पाहत राहणे, हीच त्या जिवाची खरी सेवा आहे. घासाची वेळ पिशवी रिकामी झाल्यावर येते, आणि तेव्हा पिल्लू स्वतःच मान हलवून तो मागते.